शिगवणांच्या जीपचं पोट

शेजाऱ्याने नवी गाडी आणली की आपण पेढा खातो, रंगाचं कौतुक करतो आणि ॲव्हरेज विचारतो. आमचे शिगवणकाका वर्तमानपत्र पसरून गाडीखाली शिरतात. सोसायटीचे सेक्रेटरी शहाशेठ यांची चंदेरी गाडी आली, तेव्हा हार-नारळ होईपर्यंत काका कसेबसे थांबले. मग गाडीखालून त्यांचे पायजम्यातले दोन पाय तेवढे दिसत राहिले, आणि थोड्या वेळाने निकाल ऐकू आला, "पोट उघडं आहे हो, शेठ!" शहाभाभींच्या हातातलं ओवाळणीचं ताट हललं. शेठ त्यानंतर बरेच दिवस काकांशी बोलले नाहीत.

काकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात त्यांनी फोरमनकी केली. निवृत्त झाल्यावर माणसं गावी घर बांधतात, यांनी मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी जीप उचलून आणली आणि सोसायटीच्या आवारात त्यांच्या आणि माझ्या समोरासमोरच्या तळमजल्यांच्या मधोमध उभी केली. जीप तेल गाळायची, सुरू होताना इमारत हलवायची. शेठ म्हणाले, "शिगवणभाऊ, ये डब्बा कब हटाओगे?" काका म्हणाले, "शेठ, मी आयुष्यभर डबेच बनवले. डब्याला नावं ठेवायची नाहीत." त्यानंतर नोटीस आली. काकांनी ती वाचली, घडी घातली आणि जीपखाली तेल टिपायला पसरली.

सगळी सोसायटी त्यांना चक्रम म्हणायची. मी म्हणत नाही. गाडीच्या पोटाशी त्यांचं काय अडलं होतं हे मला ठाऊक आहे, आणि ज्यांना हसायचंय त्यांनी ते ऐकून खुशाल हसावं.

काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा पाय ओढत त्या घरातल्या घरात चालायच्या, बाकी वेळ खिडकीत. त्यांची मागणी एकच होती, एकदा माहेरी जायचं. माहेर रत्नागिरीत, सड्यावरच्या, म्हणजे वर कातळपठारावरच्या वाडीत. डांबरी रस्ता खालीच संपतो आणि पुढे जांभ्या दगडाची चढण लागते, बैलगाडीपुरती रुंद, दोन्ही अंगांना दगडी गडगे. आजारी माणसाला तिथे खुर्चीला बांबू बांधून, डोली करून नेतात. वाडीला त्यात काही वावगं वाटत नाही. काकूंना वाटलं. "चौघांच्या खांद्यावरून मी एकदाच जाणार," त्या म्हणाल्या, "आणि ती वेळ अजून आलेली नाही."

म्हणून जीप. आदल्या वर्षी काका त्यांना घेऊन निघाले आणि अर्ध्या चढणीवर एका दगडाच्या पायरीने जीपचं चेंबर फोडलं. चेंबर म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी. तेल वाहून गेलं, इंजिन बसलं. वाडीतली माणसं डोली घेऊन धावत आली. काकू सीटचा दांडा धरून बसून राहिल्या. वर भावाच्या घराची कौलं दिसत होती. शेवटी भावजय भाकऱ्या बांधून खाली आली, नणंदा-भावजया जीपमध्येच जेवल्या, आणि ट्रॅक्टरने ओढलेल्या जीपमधून काकू माहेराला पाठ करून परत आल्या.

तेव्हापासून काकांना दुसरा विषय नव्हता. ज्याने त्याने सांगितलं की ती गाडी तिथे जाणार नाही. काका विचारायचे, "कोण म्हणतो?" सांगणारा समोरच उभा असायचा, तरी विचारायचे.

जीपच्या पोटाखाली प्लेट ठोकायची हे ठरलं, पण कसली? वरसाव्याच्या गॅरेजवाल्याने ॲल्युमिनियम सुचवलं, "अंकल, हलका है, जंग भी नहीं लगेगा." काकांनी त्याचा तुकडा मागून घेतला आणि गॅरेजच्या पायरीवर जोर लावून घासला. "बघ, सोलून निघतंय. हे दगडाला चिकटून बसणार. मला चिकटायचं नाही, घसरायचंय." कारखान्यातल्या जुन्या दोस्ताने स्टेनलेसचा पत्रा देऊ केला, आरशासारखा चमकणारा. काका म्हणाले, "दगडाला काय त्यात तोंड बघायचंय?" कुणीतरी फायबरचं नाव काढलं, त्याच्याकडे तर त्यांनी नुसतं पाहिलं.

राहिलं साधं लोखंड. त्यातही जाडीचा घोळ. पातळ घेतली तर दबून चेंबरला टेकणार. जाड घेतली तर वजनाने जीपच पुढून खाली बसणार. काकांनी आवारात विटा मांडल्या, त्यांवर वेगवेगळ्या जाडीचे पत्रे ठेवले आणि भारदस्त माणसाची वाट बघत बसले. नेमके शहाशेठ दुसरी नोटीस घेऊन आले.

"शेठ, जरा इथे उभे राहून वाचा."

शेठ पातळ पत्र्यावर चढले, पत्रा वाकला. काकांनी त्यांना हाताला धरून शेजारच्या मधल्या जाडीच्या पत्र्यावर घेतलं. तिथे शेठनी नोटीस शेवटपर्यंत वाचली. खिडकीतून काकू म्हणाल्या, "अहो, त्यांना एक उडी मारायला सांगा की!" शेठ कलमं समजावताना तावातावाने टाचा आपटत होते, तेवढं पुरलं. पत्रा जराही वाकला नाही. "पास!" काका ओरडले. शेठना वाटलं नोटीस मान्य झाली. ते खूश होऊन गेले.

प्लेटी दोन झाल्या, एक इंजिनाखाली आणि एक मागे गिअरबॉक्सखाली. त्यांचा सांधा हा काकांचा अभिमान. दोन पराती एकमेकींवर चढवून त्यांनी तो अख्ख्या इमारतीला समजावला. "कौलं कशी शाकारतात? वरचं खालच्यावर चढवून. पाणी कुठे अडत नाही. इथे पुढची प्लेट मागचीच्या कडेला खालून झाकते. दगड आला की पुढचीवरून मागचीवर सरकला, सुटला! दगड म्हणजे पाणीच समजायचं."

मे महिन्यात आम्ही निघालो. मला त्यांनी "मागे वजनाला" म्हणून घेतलं होतं. चढण सुरू झाली आणि खालून किर्र आवाज आला. मी डोळे मिटले. काका खुशीत ओरडले, "ऐका! घसरतोय!" दर पायरीला दगड किंचाळत होता आणि हा माणूस वाजंत्री लागल्यासारखा माना डोलावत होता. ज्या पायरीने चेंबर फोडलं होतं तिच्यावर जीप क्षणभर तोलली, मग पोट घासत पार झाली. काकूंनी डाव्या हाताने दांडा धरला होता आणि त्या रस्त्याकडे बघतच नव्हत्या, कौलांकडे बघत होत्या. थेट अंगणात जीप थांबली. काकू आपल्या पायांनी उतरल्या. भावजयीने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

माझी रजा संपत आली तशी परत निघायची वेळ झाली, आणि तेव्हा काकांच्या लक्षात आलं की अंगणात मधोमध तुळस आहे, भोवती गडगा आहे आणि जीप वळत नाही. आजवर ते सासुरवाडीला चालत आले होते. चालत आलेला माणूस उभ्या जागी वळतो. त्यांनी दगडाच्या प्रत्येक पायरीचा विचार केला होता, वळण्याचा केला नव्हता.

उलटीच उतरवायची ठरलं. पहिल्याच पायरीवर खट्ट झालं. उलट जाताना पुढच्या प्लेटची मागची कड दगडाला सामोरी आली आणि खिळ्यासारखी अडकली. काका खाली वाकले, बघितलं आणि मातीतच बसले. "रिव्हर्स," एवढंच म्हणाले.

ढकलून जीप पुन्हा अंगणात घेतली. वाडीतले चौघे हळूच डोलीचं विचारायला लागले. काकूंनी नकारार्थी मान हलवली. काका उठले. "प्लेटी काढतो. खाचांत दगडांची भर घालू, उघड्या पोटाने इंच इंच उतरवू. नेतो कशी नाही ते बघा!" ते जीपखाली शिरले, शेजारी मी. बोल्ट नवे, तेल लावलेले. पाना बसवला की लोण्यासारखे फिरत होते. मी काढलेले बोल्ट छातीवर जमवत होतो.

ओटीवर काकू भावजयीशी बोलत होत्या. शहाशेठ पत्र्यावर उभे राहून नोटीस कशी वाचत होते, ते साग्रसंगीत चाललं होतं. भावजय म्हणाली, "वन्सं, आता कुठं जाताव? ऱ्हावा की पावस सरंपातूर." काकू काहीतरी म्हणाल्या आणि एकदम हसल्या. मोठ्याने, खदखदून, मध्ये श्वास घेऊन पुन्हा हसल्या. त्यांच्या अगदी समोर मी राहतो, पण झटका आल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. तोंड एका बाजूला ओढलं जातं म्हणून त्यांनी माणसांसमोर हसणंच सोडलं होतं.

काकांचा पाना थांबला. ते उताणे पडून वर त्या काळ्या लोखंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या छातीवरचे बोल्ट एकेक करून उचलले आणि पुन्हा जागच्या जागी बसवून पिळायला लागले. त्या तेलकट, भांडकुदळ माणसाचा मला त्या वेळी इतका लोभ वाटला की दुसरा पाना घेऊन मीही बोल्ट पिळायला लागलो.

बाहेर येऊन त्यांनी हात झटकले आणि चौघांना सांगितलं, "बोल्ट जाम झालेत. निघत नाहीत. माझंच चुकलं, प्लेटी मी चुकीच्या बसवल्या. आता पावसाळा सरल्याशिवाय गाडी हलत नाही."

"फोरमन म्हनं!" त्यांतला एक म्हातारा म्हणाला. "तुजी भांडी तरी गळत न्हवती ना रं?"

सगळे हसले. शिगवणकाका ओटीकडे पाठ करून, हातातला पाना पुसत, मान खाली घालून ते ऐकत राहिले.