खेकडा, गाढव, घुबड आणि जुळं

"एक कोटी माणसं एकदम आली ना, तरी माझी साइट हूं की चूं करणार नाही!"

गवंड्याने शुक्रवारी भर ऑफिसात ही घोषणा केली, तेव्हा त्या साइटवर एकही माणूस नव्हतं. खरं सांगायचं तर साइटच नव्हती. पण असल्या किरकोळ गोष्टींनी डगमगला तर तो गवंडी कसला!

गवंडी हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. त्याने हौसेने आपल्या कार्डावर 'सिस्टिम आर्किटेक्ट' असं छापून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसने त्याचा गवंडी करून टाकला. नाव तसं शोभतही होतं म्हणा. इतकी वर्षं बिचारा दुसऱ्यांनी बांधलेल्या साइट्सची गळती काढत बसला होता. स्वतःचं असं एक घरटंही त्याने कधी बांधलं नव्हतं. आणि आता एकदम राजवाड्याचं काम आलं होतं! झाडांचं वेड असलेल्या लाखो लोकांसाठी एक भलीमोठी साइट करायची होती. लोक तिथे आपल्या कुंड्यांचे फोटो टाकणार, एकमेकांच्या गुलाबांवर जळणार, खतावरून भांडणार आणि मग मित्र होणार. मालकीणबाईंनी सांगून टाकलं होतं, की जो सोमवारी उत्तम साधनं निवडून चालता नमुना दाखवेल, तोच या कामाचा प्रमुख. गवंड्याला ते पद इतकं हवं होतं, की तो झोपेतसुद्धा "प्रमुख... प्रमुख..." असं पुटपुटत होता, असं त्याची बायको सांगते.

आडवा येणारा एकच होता, शेजारच्या टेबलावरचा तयारमाल. जगातली कुठलीही वस्तू बनवण्यापेक्षा विकत आणावी, असं त्याचं मत.

"ओपन सोर्स म्हणजे काय रे?" तयारमाल म्हणाला. "कुणीतरी लिहिणार, फुकट वाटणार आणि तू ते गोळा करत हिंडणार!"

"अरे, जगभरच्या हुशार लोकांनी लिहिलंय ते! सगळं उघडं! वाच, तपास, हवं तर बदल! तुझ्या विकतच्या डब्यात आत काय आहे ते तुला तरी ठाऊक आहे का?"

"मला ठाऊक नसू दे. बिघडलं तर फोन कुणाला करायचा ते ठाऊक आहे. आणि तुझी चाचणी म्हणजे काय, तर 'अबक'ने 'कखग'ला 'नमस्कार' पाठवला! खरी माणसं घालून दाखव. खरी बातमी टाकून दाखव. मग बघू."

हे मात्र गवंड्याच्या जिव्हारी लागलं.

शनिवारभर त्याने साधनं पारखली. वधूपरीक्षा करावी तसा एकेकाला समोर बसवून प्रश्न विचारत होता. शेवटी तीन पसंत पडली. या साधनांच्या बोधचिन्हांत कुठला ना कुठला प्राणी असतो, तेव्हा त्याने त्यांना त्याच नावांनी हाका मारायला सुरुवात केली. माहिती साठवायला खेकडा. हा प्रत्येक गोष्ट तीन दूरच्या मशीनांवर ठेवतो आणि एकीकडची पुसली गेली, तर उरलेल्या दोन्हींवरून परत आणतो. एकदा धरलं की सोडत नाही! निरोप पोचवायला गाढव. हे सगळ्यांना ओळीने निरोप देत जातं आणि पाठीवरचं ओझं पोचवल्याशिवाय खाली टाकत नाही. आणि घुबड कशासाठी, तर कुणी एखाद्या बातमीला उत्तर दिलं, की ते सगळ्या ओळखीपाळखीच्यांना दाखवायला.

"काय त्रिकूट जमलंय!" गवंडी आरशासमोर स्वतःलाच म्हणाला.

गाढव निरोप खरंच नेतं का, हे बघायला त्याने स्वतःचा फोन त्याला जोडला आणि स्वतःलाच एक निरोप पाठवून पाहिला. पोचला! आनंदाच्या भरात फोन काढायचा मात्र राहून गेला.

रविवारी सकाळी बायको तलावावर गेली. ती पोहायला शिकवते. घरात शांतता, टेबलावर चहा, समोर कॉम्प्युटर. गवंड्याने खरी माणसं हवीत म्हणून आपल्या फोनमधले सगळेच्या सगळे नंबर सभासद म्हणून नमुन्यात ओतले. सासूबाई, मेहुणा, काका, मालकीणबाई, ऑफिसचे जुने-नवे ग्राहक, बायकोच्या पोहण्याच्या वर्गातले पालक, प्लंबर, सगळे! आता खरी बातमी हवी. लोक तुटून पडतील अशी. त्याने थोडा विचार केला आणि टाइप केलं: "आनंदाची बातमी! आम्हाला जुळं झालं! मुलगा, मुलगी आणि आई, सगळे सुखरूप!" एकाच मुलावर तेवढी अभिनंदनं येणार नाहीत, असा त्यामागचा तांत्रिक विचार होता. मग त्याने बटण दाबलं.

पडद्यावर हिरवे दिवे सरसर लागत गेले. पोचला, पोचला, पोचला! गवंडी खुर्चीत नाचायलाच लागला. काय वेग! काय थाट! "बघ रे तयारमाल्या, बघ!"

तेवढ्यात फोन वाजला.

"जावईबापू!" सासूबाईंचा आवाज रडवेला होता. "आम्ही इतके परके झालो का हो? नऊ महिने एका शब्दाने कळवलं नाहीत!"

गवंड्याने पडद्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, दोघांमधल्या वायरकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"आई, अहो, ते... ते खोटं आहे!"

"खोटं? आणि पोरं आता आमच्यापासून लपवताय? कळलं हो मला सगळं. निघालेच मी!"

फोन बंद झाला. गवंड्याने झटकन बातमी पुसली. खेकड्याने ती दुसऱ्या मशीनवरून परत आणली. त्याने दुसरीकडची पुसली, तर तिसरीकडून आली. एक मशीन बंद केलं, तर उरलेल्या दोघांनी त्याला उठवून परत कामाला लावलं! यासाठीच तर त्याने खेकडा निवडला होता. त्याला एकदम त्या जगभरच्या हुशार लोकांचा भयंकर राग आला.

मग त्याला सुचलं, खुलासा पाठवावा. "बातमी चुकीची आहे, क्षमस्व." टाकला खुलासा! पण गाढव शिस्तीचं. ते काम ओळीने करणार, आणि ओळ तर वाढतच चालली होती. कारण एव्हाना अभिनंदनं सुरू झाली होती आणि घुबड जागं झालं होतं. काकांनी लिहिलं, "शाब्बास! घराण्याचं नाव काढलंस!" ते प्लंबरला गेलं. प्लंबरने लिहिलं, "साहेब, मोरीचा नळ बदलून घ्या, आता कपडे फार धुवावे लागतील." हे मालकीणबाईंना गेलं, सासूबाईंना गेलं, सगळ्या ग्राहकांना गेलं. त्यावर मेहुण्याने हसून काहीतरी लिहिलं, ते पुन्हा सगळ्यांना! खुलासा बिचारा शेपटाला उभा, आणि त्याच्यापुढे हजारो अभिनंदनं ताटकळत.

दार धाडकन उघडलं. बायको उभी होती. केस ओले, हातात फुलांचे तीन गुच्छ आणि डोळ्यांत जाळ.

"मी आत्ता पाण्यातून वर आले," ती एकेक शब्द चावत म्हणाली, "तर काठावरचे सगळे पालक टाळ्या वाजवत होते. एक बाई तर रडायलाच लागल्या. म्हणाल्या, काल बाळंत झालीस आणि आज उडी मारलीस! धन्य आहेस गं! काय केलंयस तू?"

"चाचणी!" गवंडी केविलवाणा म्हणाला. "गाढव थांबतच नाहीये गं!"

"ते मी लग्नापासून बघतेय."

"तसं नव्हे! निरोप पोचेपर्यंत ते थांबत नाही! खेकडा पुसू देत नाही आणि घुबड..."

बायकोने पुढे होऊन फोनची वायर उपटली, सिमकार्ड काढलं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं. हिरवे दिवे जागच्या जागी थांबले. घरात एकदम शांतता पसरली.

"हे मला का सुचलं नाही?" गवंडी हळूच म्हणाला.

"कारण तू आर्किटेक्ट आहेस," बायको म्हणाली आणि केस पुसायला आत गेली.

पण गाढव ओझ्यासकट आधीच फोनात शिरून दारातच उभं होतं. कार्ड परत घातलं रे घातलं, की ओझं घेऊन निघणार! त्यामुळे खुलासाही अडकला आणि गवंड्याचा फोनही. संध्याकाळी सासूबाई दोन लोकरीची टोपडी घेऊन आल्या. खरा प्रकार कळल्यावर आधी जावयाला मनसोक्त बोलल्या, मग पोटभर हसल्या आणि जाताना टोपडी मात्र ठेवून गेल्या. "लागतील कधीतरी," म्हणाल्या.

सोमवारी गवंडी ऑफिसात शिरला तो मान खाली घालून. मनाशी ठरवलं होतं, सगळं खरं सांगायचं आणि परत गळती काढायला बसायचं. दार उघडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला!

"या, या!" मालकीणबाई खुर्चीतून उठून म्हणाल्या. त्या कधी कुणासाठी उठत नसत. "अहो, काय साधनं निवडलीत! तुमची बातमी मला त्याच क्षणी! तुमच्या काकांचा आशीर्वाद मला! तुमच्या प्लंबरचा सल्लासुद्धा मला! एकही निरोप हरवला नाही, की मागे राहिला नाही. आपल्या त्या कुरकुऱ्या ग्राहकाने सकाळी फोन करून सांगितलं, की आम्हालाही अशीच साइट करून द्या. साधनं मंजूर! तिन्ही मंजूर!"

गवंड्याला आनंदाने भोवळ यायची बाकी राहिली. तयारमालचा चेहरा पडला होता. आता बाई म्हणणार, प्रमुख...

"सुरुवातीला मी जरा चमकलेच होते हं," बाई पुढे म्हणाल्या. "ग्राहकांच्या नंबरांवर कुणी खोट्या बातम्या पाठवून चाचण्या करत असेल, तर तो माणूस माझ्या ऑफिसात एक दिवस टिकणार नाही. पण बाप झालेल्या माणसाचा आनंद मी समजू शकते."

गवंड्याने खरं सांगायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

"म्हणूनच मी ठरवलंय," बाईंचा आवाज मऊ झाला. "घरात जुळं असताना एवढ्या मोठ्या कामाचा भार तुमच्यावर टाकणं म्हणजे पाप आहे. तुम्ही भरपगारी रजा घ्या, पोरांजवळ राहा. तुमची साधनं घेऊन साइट बांधतील हे. हेच प्रमुख!"

तयारमालचा चेहरा फुलला. त्याने पुढे येऊन गवंड्याला कडकडून मिठी मारली. "काळजी करू नकोस," तो म्हणाला, "ओपन सोर्स मला पहिल्यापासूनच आवडतं."

इतक्या वर्षांनी हाताशी आलेला राजवाडा असा डोळ्यांदेखत चालला होता, आणि तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती! खरं बोलावं तर नोकरी जाते, गप्प बसावं तर पद जातं. गवंडी एकदा मालकीणबाईंकडे बघे, एकदा तयारमालकडे.

"बरं, ते राहू दे," मालकीणबाईंनी मायेने विचारलं. "बाळं कशी आहेत?"



"मुलगी शांत आहे," गवंडी म्हणाला. "मुलगा जरा रडतो."