शेवटच्या बाकावरचे तिडके सर

आमच्या केजच्या कॉलेजात कुणाचाही तास चालू असो, भूगोलाचे तिडके सर न विचारता आत शिरायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि हजेरी संपली की स्वतःच ओरडायचे, "तिडके, हजर!" पोरं खो-खो हसायची. शिकवणारा मात्र पुढचं वाक्यच विसरायचा.

मी तेव्हा नवीन, तासिका तत्त्वावरची, अर्थशास्त्राची. महिनाभरात माझ्या तासाची पोरं गळाली. साठातली बारा उरली. वर्ग असाच ओस राहिला तर पुढच्या वर्षी मला कोण ठेवणार? त्यात हे ध्यान मागे येऊन बसलं. तास संपल्यावर म्हणतात कसे, "केदार म्याडम, लई झकास शिकवलं. मला काईच कळलं न्हाई."

अस्सा राग आला मला!

शनिवारी स्टाफरूममध्ये त्यांनी डबा उघडला. शेंगदाण्याचे लाडू. पण नियम असा, की आठवड्यातला फसलेला तास सांगेल त्यालाच लाडू. "झकास तासाचं घरी सांगा. हितं फसलेला सांगा," म्हणाले. पहिला स्वतःचाच सांगितला: वारे शिकवताना फळ्यावर बाण उलटे काढले अन् एका पोरीनं उठून सुधारले. सगळ्यांत मोठ्यानं हसले तेच. मग इंग्रजीचे सर बोलले. मग माझ्याही तोंडून निघून गेलं, "माझा तर रोजच फसतो." अन् बाई, सगळ्यांसमोर रडूच फुटलं.

सरांनी डबा पुढे केला. "मग दोन घ्या."

लाडू खाता खाता म्हणाले, "मागणी-पुरवठ्याला परदेशी मोटारी काऊन आणता? बाजारात मेथीची जुडी सकाळी कशी जाते अन् सांजच्याला कशी, ते पोरांनाच इचारा की." सोमवारी विचारलं. एरवी गप्प असणारी पोरं भांडायलाच उठली! दिवाळीपर्यंत वर्ग भरला आणि पुढच्या वर्षी मला ठेवलं. आज मी शिकवतेय ती त्या लाडवांच्या जिवावर, हे मी कुणालाही सांगेन.

निवृत्तीच्या आठवड्यात सर सहज बोलून गेले, "म्या समद्यांच्या तासाला बसलो. माझ्या तासाला मातर कुणीच आलं न्हाई. या म्हणायची लाज वाटायची."

मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं! आमच्यापैकी एकालाही कधी सुचलं नव्हतं.

त्यांच्या शेवटच्या तासाला मी मागच्या बाकावर जाऊन बसले. हजेरी संपली तशी ओरडले, "केदार, हजर!"

सर माझ्याकडे बघतच राहिले. मग शिकवायला लागले, पण दोनदा अडखळले, अन् बाण पुन्हा उलटे काढले.

पोरं गेल्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. चष्मा काढून डोळे पुसले. "फसला गं पोरी तास. तुला पाहून समदं इसरलो."

मी पिशवीतून डबा काढला. लाडू मीच वळले होते, जरा वाकडेतिकडेच.

"मग दोन घ्या, सर."