सोमणकाका आणि तडफदार मोटर

आमचे शेजारी सोमणकाका वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी वधूसंशोधन करत होते. काकूंच्या पूर्ण संमतीने, काकूंच्याच डायनिंग टेबलावर बसून आणि काकूंनीच केलेले पोहे खात. सप्टेंबरात सुरू केलेलं, ऑक्टोबर उजाडला तरी एक स्थळ पसंत पडेल तर शपथ.

वधू म्हणजे स्टार्टर मोटर. किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला धक्का देऊन उठवते ना, ती. काकांकडे साठच्या दशकातली, दांडग्या इंजिनाची अमेरिकन मसल कार आहे. लांबलचक, भगव्या रंगाची, आणि आवाज असा की साउथहॅम्प्टनच्या आमच्या गल्लीतली कुत्री सोफ्याखाली जातात. बंदरावरच्या क्रेन दुरुस्त करण्यात काकांनी उभी हयात घालवली आणि नोकरीत असतानाच हा हत्ती दारात बांधला. स्टीअरिंग डावीकडे, म्हणून काकू बसतात उजवीकडे. गल्लीतले लोक त्यांनाच ड्रायव्हर समजून हात करतात. काकूही ऐटीत हात करतात.

तर या हत्तीची जुनी मोटर एका शनिवारी गेली. तशी ती आधीपासूनच आळशी. घर्रर्र... घर्रर्र... करत दोन-दोन मिनिटं कण्हायची, तेवढ्यात काकू दाराला कुलूप लावून, काठी टेकत, गाडीत येऊन बसायच्या. मेकॅनिकने मोटर उघडून पाहिली आणि म्हणाला, "ही म्हातारी होऊन गेलेली नाही, कुणीतरी किल्ली दाबून धरून धरून जाळलीय. परत तारा भरण्यासारखी राहिली नाही." क्रेनवाल्या माणसाला असं म्हणणं म्हणजे आचाऱ्याला भात करपवलास म्हणण्यासारखं. मला वाटलं, आता काका त्याला फाडून खाणार. काका खाली बघत राहिले.

मी मूळची नागपूरची, तोंडाने फटकळ. म्हटलं, "काका, तुम्ही गिअरचा लिव्हर तरी बरोबर ठेवता ना?" झालं! अर्धा तास लेक्चर. ऑटोमॅटिक गाडी, लिव्हर 'पार्क'ऐवजी 'ड्राइव्ह'वर असेल तर किल्ली कितीही पिळा, मोटर हूं की चूं करत नाही. "लक्षात ठेव, उपयोगी पडेल," म्हणाले. मला कशाला उपयोगी पडणार होतं, कप्पाळ!

गाडी बंद म्हणजे काकूंचं बाहेर जाणं बंद, हा खरा घोर होता. चर्च हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळींचं पुस्तकांचं एक कपाट आहे. दर शनिवारी काकू ते उघडतात आणि पुस्तकं देतात-घेतात. कोणी पुस्तकाचं पान दुमडलेलं असलं तर काकू त्याचा असा पाणउतारा करतात की बास. पण गेल्या हिवाळ्यात टॅक्सीवाल्याने बाहेरून दोनदा हॉर्न मारला, काकू घाईघाईत पायरीवरून घसरल्या आणि मनगट मोडलं. गुडघे आधीच कामातून गेलेले. तेव्हापासून टॅक्सीचं नाव काढायचं नाही. "माझ्यासाठी कुणी ताटकळलेलं मला खपत नाही," म्हणतात.

मी आपली एका शनिवारी शहाणपणा करून माझी छोटी गाडी घेऊन गेले. दार उघडून, इंजिन चालू ठेवून, अगदी अदबीने उभी राहिले. मला उभी बघून काकू अशा लगबगीने निघाल्या, की कौन्सिलच्या निळ्या कचरापेटीवर आदळता आदळता वाचल्या. तशाच माघारी घरात गेल्या. कपाट त्या दिवशी बंद राहिलं आणि पुढचे कित्येक शनिवारही.

असं असताना काकांनी मिळेल ती मोटर घ्यावी की नाही? छे! फाइल केली. प्रत्येक स्थळाचं वजन, घराणं, दात. दात म्हणजे इंजिनाच्या चाकाचे दात. ते मोटरच्या दातांशी जुळले नाहीत तर जन्माची किरकिर. दातांचा आकडा पुस्तकात दिलेला, पण पुस्तकावर विश्वास ठेवतील तर ते सोमणकाका कसले? गाडीखाली आडवे झाले, पहिल्या दाताला काकूंचं कुंकू लावलं आणि चाक हाताने फिरवत मोजायला लागले. मी विचारलं, "काका, चहा घेणार?" खालून आवाज आला, "एकशे चौतीस, घेईन... अरे देवा!" पुन्हा कुंकवापासून सुरुवात.

मग फोन. मँचेस्टरच्या एका विक्रेत्याला त्यांनी मोटर फोनजवळ धरून वाजवायला लावली. तो बिचारा अभिमानाने सांगतोय, "इन्स्टंट, मेट! हात लावला की चालू!" आणि काका इकडे तोंड वाकडं करून, "नो नो, टू फास्ट. हॅव यू गॉट समथिंग स्लो?" इल्फर्डच्या सरदारजींनी तर व्हिडिओ पाठवला. काकांनी तो पाहिला आणि फोन उलटा ठेवला. "फारच तडफदार आहे."

"अहो, तडफदारच हवी ना?"

"घाई कशाला? घाईने कुणाचं भलं झालंय?" हे त्यांचं पालुपद.

शेवटी मीच भांडून, हट्टाने, त्या सरदारजींची मोटर मागवायला लावली. खोकं आलं नेमकं खंडेनवमीला. हत्यारांची पूजा सोमणांच्या घरी चुकत नाही. पाना, स्क्रूड्रायव्हर, काकूंची शिवणाची कात्री, सगळं पाटावर, आणि मधोमध ती मोटर. हळद, कुंकू, आणि काकांनी मूठभर अक्षता अशा उधळल्या जशी खरंच सून घरात येतेय. दुसऱ्या दिवशी बॅटरीला जोडून पाहिली तर कर्रकच् करून बसली. परत पाठवली. सरदारजींची मेल आली: वस्तू परत घेता येत नाही, आत तांदूळ सापडले.

मी हसून हसून खाली बसले. आणि काकांच्या चेहऱ्यावर म्हणाल तर दुःख औषधालाही नव्हतं! तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पण सरदारजी भला माणूस. त्यांनी तांदूळ झटकून, साफ करून, तीच मोटर परत पाठवली. सोबत चिठ्ठी: पुढच्या वेळी फुलं वाहा. आता काकांना पळवाट उरली नाही. मोटर बसवली. किल्ली टेकवली न टेकवली तोच झूप! हत्ती गरजला. मी टाळ्या पिटल्या. काका म्हणाले, "हं."

त्या शनिवारी मी खिडकीत डोळे लावून बसले होते. काका गाडीत जाऊन बसले आणि पुढे काहीच नाही. ना झूप, ना गर्जना. काका स्टीअरिंगवर हात आपटताहेत, दाराकडे बघून ओरडताहेत, "अगं विजू, ये सावकाश! ही बया अजून झोपलीय!" काकू कठड्याला धरून, एकेक पायरी, काठी नीट टेकत येताहेत.

मी चपला अडकवून धावले. खिडकीतून डोकावले, आणि मला लिव्हर दिसला. 'ड्राइव्ह'वर.

"काका, तुमचा लिव्हर..."

"गप," काका दबक्या आवाजात म्हणाले. डोळे काकूंच्या पावलांवर. किल्ली पिळणं चालूच.

काकू बसल्या, बेल्ट लावला, काठी मागे ठेवली. मग काकांचा हात लिव्हरवर गेला आणि झूप. "बघ! तू बसलीस आणि चालू झाली. तुझा पायगुण!"

मी तिथेच उभी. दोन महिने त्या माणसाला चक्रम म्हणत होते मी. जुनी मोटर कशाने जळली, तेही तेव्हा लख्ख कळलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी काकूंकडे पुस्तक परत करायला गेले. काका बाहेर बॉनेट पुसत होते. काकूंनी आधी दुमडलेली पानं तपासली, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तू लिव्हर पाहिलास ना आज?"

मी घाईने खिडकीतून बाहेर काकांकडे पाहिलं.

"अगं, तीस वर्षं बसतेय मी त्या गाडीत. मला दिसत नाही होय?"

"मग काका उगाच किल्ली पिळत बसतात, ते?"

"पिळू देत. मीही मग मुद्दाम दोन पावलं हळू टाकते. बरं वाटतं त्यांना." आणि पुस्तकाची नोंद करायला लागल्या.

गेल्या शनिवारी काकांना सर्दी-ताप. काकूंना मी नेलं. माझी छोटी गाडी त्यांच्या दारासमोर लावली, आत बसले, इंजिन बंद केलं आणि पर्स मांडीवर उपडी केली.

"काय गं, काय झालं?" काकूंनी पायरीवरूनच विचारलं.

"किल्ली सापडत नाहीये हो, काकू. तुम्ही या सावकाश."

काकू आल्या. कठड्याला धरून, एकेक पायरी. बसल्या, बेल्ट लावला, काठी मागे ठेवली. मग माझ्या डाव्या मुठीकडे बघितलं.

"सापडली?"

"सापडली."

"चल मग," काकू म्हणाल्या, आणि वरच्या खिडकीत मफलर गुंडाळून उभ्या असलेल्या काकांना त्यांनी ऐटीत हात केला.