तात्यांचा चार्ज

एखाद्या माणसाबद्दल लिहावं एवढी माझी तयारी नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आजवर लिहिले ते बहुतेक अर्जच, आणि त्यातले निम्मे शेजारच्या शंकरतात्यांचे. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

आमचं गाव नांदगाव तालुक्यात. गावाबाहेर जुनी धावपट्टी होती. तिच्यात तात्यांची जमीन गेली, म्हणून तात्यांना तिथेच राखणदाराची नोकरी मिळाली. वर्षातून एखादं लहान विमान यायचं. तात्या आधी गुरं हाकलायचे, मग झेंडा दाखवायचे. पुढे पट्टी बंद झाली आणि जमिनी ज्याच्या त्याला परत मिळाल्या. लोकांनी मुरूम उकरून कांदा लावला. तात्यांनीही लावला. पण ‘तुम्ही आता मोकळे’ असा कागद त्यांना कधी आलाच नाही. म्हणून तात्या ड्यूटीवरच राहिले.

त्यांच्या कांद्याच्या मधोमध बांबू, आणि बांबूवर वाऱ्याची दिशा दाखवणारी लांब कापडी पिशवी. गावात तिला मोजा म्हणतात. मूळचा मोजा फाटला तेव्हा तात्यांनी काकूंच्या लुगड्याचा नवा शिवला. तेव्हापासून काकू सांगतात, घरात सरकारी झालं ते माझं लुगडंच. शेतात शिरणाऱ्या प्रत्येकाला, बैलांसकट, तात्या बांधावर थांबवत. “वर बघा. आभाळ मोकळं हाय? मग चला.” खुरपायला आलेल्या बाया हसत, पण मान वर करत.

त्यांची मुलगी सुमनताई देवळाली कॅम्पला दिलेली. नात चालायला लागली तरी तात्यांनी लेकीचं घर पाहिलं नव्हतं. ड्यूटी सोडून कसं जायचं, हे एकच उत्तर. शेवटी ताईने निरोप धाडला, बाबा माझा उंबरा बघेपर्यंत मी माहेरी येणार नाही.

त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. संध्याकाळी माझ्याकडे आले, सरकारला रजेचा अजून एक अर्ज लिही म्हणाले. आधीच्या एकाही अर्जाला उत्तर नव्हतं. मी भीत भीत म्हटलं, “तात्या, चार्ज दुसऱ्याला देऊन जाता येतं ना? मला द्या.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“वारा कुठला हाय?”

“पश्चिमेचा.”

“बघून सांग. पाठ करून नको.”

मी मोज्याकडे पाहिलं. पूर्वेचा होता.

तरी सकाळी त्यांनी वहीत माझी सही घेतली. बांबू एक, मोजा एक, झेंडे दोन. तीन दिवसांच्या बोलीवर ते काकूंबरोबर बसमध्ये बसले आणि मोजा दिसेनासा होईपर्यंत खिडकीतून वाकून बघत राहिले.

तीन दिवस गेले, आठवडा गेला. मी रोज कॉलेजला निघण्याआधी बांधावर जाऊन मान वर करत होतो. मनात नाही नाही ते येत होतं. मग एकदाचं पोस्टकार्ड आलं. अक्षर सुमनताईचं, मजकूर तात्यांचा, घाट माझ्याच अर्जांचा.

“मा. साहेब, धावपट्टी, यांस. अर्ज करतो की, नात सकाळी बोट धरते ते झोपेपर्यंत सोडत नाय. सबब, रजा वाढवून मिळावी. मोजा फाटल्यास पेटीत दुसरं लुगडं हाय. हिला विचारू नये.”

मी बांधावर गेलो. वर पाहिलं. आभाळ मोकळं होतं. मग घरी येऊन नव्या कार्डावर लिहिलं: मंजूर.