वर्षं मोजणारे किणीकर सर

मी मुलगी बघायला गेलो तेव्हा किणीकर सरांना बरोबर नेलं, ही माझीच चूक. पोहे आले, मुलगी आली, आणि सर बसल्या खुर्चीवरून उठले. खुर्ची त्यांनी उलटी केली, खिशातलं भिंग काढलं, खुर्चीच्या पायाला डोळा लावला आणि मोठ्यांदा म्हणाले, "हिनं लहानपणी लई उपास काढलेत हो. पुढं मात्र चांगली पोसलीय."

मुलीच्या आई ताडकन म्हणाल्या, "आमच्यात कुणाला उपाशी ठेवत न्हाईत!"

सर खुर्चीबद्दल बोलत होते, हे पटवण्यात माझा अर्धा तास गेला. लग्न जमलं, हे माझं नशीब.

किणीकर सर आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, मी मराठी. राहायलाही दोघं मंगळवार पेठेतच. मी दोन खोल्यांत बायकोसह, ते एका खोलीत लाकडांसह. लग्न त्यांनी केलंच नव्हतं. सागाच्या ओंडक्यांच्या आडव्या कापलेल्या चकत्या कॉटखाली, फळीवर, तांदळाच्या डब्यावरसुद्धा. साग दर साली एक वलय धरतो. पाऊसपाणी चांगलं झालं की रुंद, दुष्काळ पडला की दोऱ्याएवढं. आपण सकाळी पेपर वाचतो तसे सर चकत्या वाचायचे. बहात्तर सालच्या वलयावर बोट ठेवताना तर त्यांचा आवाज बारीक व्हायचा. "बघा की, कसं अंग चोरून बसलंय बिचारं!"

मोजणीत मात्र दयामाया नाही. एका पोरानं त्रेपन्नच्या जागी बावन्न वलयं मोजली, तर त्याला तीनदा मोजायला लावलं.

"एकच चुकलं, सर."

"एकच? तू एक साल नापास झालास, तर तुझा बा एकच म्हणंल व्हय?"

कॉलेजच्या रौप्यमहोत्सवात प्राचार्य भरल्या गळ्यानं "ही पंचवीस वर्षं" म्हणाले, तेव्हा मागच्या रांगेतून सर उठून "चोवीस!" म्हणाले होते.

अशा माणसाला एकदा लाकडाच्या वखारीतल्या दौलतभाईंनी बातमी दिली, की पेठ वडगावजवळ एका मळ्यात वळवाच्या वाऱ्यानं मोठा साग पडलाय. रविवारी सरांनी मला ओढतच एस.टी.त बसवलं.

मळ्याच्या मालकीण आक्का साठीच्या आसपासच्या. मालक जाऊन दीड वर्ष झालेलं. लेकानं बुंधा करवतीनं कापून ठेवला होता, दाराच्या चौकटीसाठी. आक्का त्या ओंडक्यापाशीच बसल्या होत्या.

"आमचं लगीन झालं, त्या साली मालकांनी लावल्यालं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं झाली औंदा. मोजा की, मास्तर."

सर गुडघ्यांवर बसले. कापलेल्या भागावर पाणी शिंपडलं, चाकूनं घासलं, भिंग लावलं. एकदा मोजलं, परत मोजलं, तिसऱ्यांदाही मोजलं. ओठ हलत होते त्यावरून मला कळलं, आकडा सदतीसला थांबतोय. आता हा माणूस त्या बाईच्या तोंडावर सांगणार.

सरांनी चष्मा काढून पुसला. "चाळीस," ते म्हणाले. "बरोबर चाळीस, आक्का."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

आक्का पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "मास्तर, तुमी बी आमच्या मालकांसारखंच की! अवो, तीन वर्सांनी मी बाळंतपणाला म्हायेरी गेलते. परत येऊन बघतीय तर काय, माझ्या डोस्क्याच्या वर गेल्यालं झाड गुडघ्याएवढं झाल्यालं! वाढायचं सोडून बारकं व्हतंय व्हय कुठं? म्हशीनं मोडलं असंल. त्येंनी गुपचूप दुसरं आणून लावलं."

"मग तुम्ही विचारलं नाही?" मी म्हटलं.

"कशाला? मला वाईट वाटंल म्हणूनच केलतं की त्येंनी. येईल त्या पावण्याला सांगायचे, लग्नातलं झाड हाय. मी बी व्हय म्हणायची."

सरांचा चेहरा कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा झाला. "सदतीस हाईत," ते पुटपुटले.

"हां, आता बरूबर," म्हणत आक्का चहा टाकायला उठल्या. निघताना त्यांनी लेकाला सांगून एक चकती कापून दिली.

एस.टी.त सर चकती मांडीवर घेऊन वलयांवरून बोट फिरवत बसले. पंचगंगेचा पूल आला तेव्हा म्हणाले, "इतकी वर्षं एका घरात राहून दोघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लपवायला तरी घरात कुणी असावं लागतं, न्हाई का?"

त्यात तक्रार नव्हती. पावसाचा आकडा सांगावा तसं सांगितलं त्यांनी.

स्टँडवर उतरल्यावर मी म्हटलं, "सर, आज जेवायला आमच्याकडं चला."

आजवर मी कितीदा बोलावलं असेल. दर वेळी त्यांना काहीतरी काम निघायचं. त्या दिवशी त्यांनी चकती काखेत मारली आणि "चला," म्हणून माझ्या पुढंच चालू लागले.