मीठ बंद

धर्मा म्हात्र्याच्या लघवीला मुंग्या लागल्या, हे आधी त्याच्या बायकोने, ठमाबाईने पाहिलं. पाय तर पंधरा दिवस सुजलेलेच होते. धर्मा मिठागरावरचा मुकादम. बावीस माणसं उन्हात मीठ ओढायची आणि हा बांधावर बसून गुळाचा चहा ढोसत ओरडायचा. दहा वर्षं नुसता बसून एवढा फुगला, की त्याला उठवायला दोन माणसं लागायची.

ठमाबाईने त्याला गाडीत घालून पेणच्या सरकारी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी लघवी उकळून बघितली आणि सांगितलं, की लघवीतून साखर जातेय, अंगावर चरबी चढलीय, असंच चाललं तर मूत्रपिंडं निकामी होतील. हिंडाफिरा, गोड सोडा. निघताना वर म्हणाले, "आणि मीठ एकदम बंद."

धर्मा वाटभर हिशेब करत राहिला. घर चालायचं ते मिठावरच. पण सुजलेल्या पायांकडे बघितलं आणि त्याला पटलं. मुकादम होण्याआधी वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात उभं राहून पायांत खार शिरला, दुसरं काय. घरी येऊन त्याने सुकटीचं कालवण दाबून खाल्लं आणि शेजारच्या सदूकडे निरोप दिला, की मी काही आता येत नाही, डॉक्टरसायबाने मीठ बंद केलंय.

सदूने निरोपाचा अर्धा भाग वाटेतच सांडला. बांधावर जाऊन एवढंच म्हणाला, "पेनच्या सरकारी सायबानं मीठ बंद केलंय."

सन एकतीसचा उन्हाळा. आदल्याच वर्षी मिठापायी लाठ्या चालल्या होत्या, त्यामुळे का म्हणून कुणी विचारलंच नाही. बावीस फावडी खाली पडली. खाडीचं पाणी अडवणारी उघाडीची फळी लावायलाही कुणी थांबलं नाही. दुपारच्या भरतीचं पाणी आत शिरलं आणि पंधरा दिवसांचं मीठ विरघळून गेलं.

दुसऱ्या दिवशी सगळे पेणला निघाले. सायबापुढे मुकादमाशिवाय बोलणार कोण, म्हणून धर्माला पुढे घालून, दोघांच्या आधाराने चार कोस चालवत नेलं. आपल्या दुखण्यासाठी अख्खं आगर चाललंय, या विचाराने धर्माचे डोळे भरून आले. बाकीच्यांना वाटलं, मुकादम मिठासाठी रडतोय.

दवाखान्याच्या अंगणात आगरावर मीठ ओढणारी म्हातारी कृष्णाबाई पुढे झाली. "सायेब, आमचं मीठ चालू करा."

डॉक्टरांनी बावीस जणांचे पाय निरखले. "तुमच्यातलं कुणीच सुजलेलं दिसत नाही. मीठ मी या एकट्याचं बंद केलंय. ताटातलं."

सगळे धर्माकडे वळले.

"ताटातलं व्हय," धर्मा हळूच म्हणाला. "मंग तसं बोलायचं ना, सायेब. मी आगरातलं सोडलं."

परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णाबाईने त्याच्या डोक्यावर मिठाची पाटी ठेवली. बुडालेलं मीठ भरून काढायचं होतं, आणि बसणारा मुकादम आता कुणाला नको होता. दुपारी ती त्याचं कालवण आधी चाखायची. खारट लागलं, की स्वतःच संपवायची.

दीड महिन्याने डॉक्टरांनी पुन्हा लघवी उकळली. साखर नावापुरती. पायांची सूज ओसरलेली, धोतराला दोन वेढे जास्तीचे.

"औषध कोणाचं घेतलंत?" त्यांनी विचारलं.

"औषद न्हाय, सायेब. सकाळ-संध्याकाळ बावीस मानसांच्या शिव्या."

डॉक्टरांनी कागद ओढला. लिहिता लिहिता म्हणाले, "चालू ठेवा. मध्येच सोडू नका."