नमुना ग्राहक आणि निळी कार

नियम राजदीपने स्वतःच लिहिला होता, आणि तिथेच तो फसला.

विजेवरच्या कारचे चार्जर लोकांना घरबसल्या मागवता यावेत, म्हणून आर्णीत बसून त्याने एका कंपनीसाठी संकेतस्थळ रचले होते. ऑनलाइन कधी काहीच न मागवलेल्या एखाद्या माणसाने मदतीवाचून मागणी पूर्ण केली, की राजदीपची नोकरी पक्की होणार होती. परीक्षकाने, म्हणजे राजदीपनेच, शेजारी बसावे, परंतु एक अक्षरही बोलू नये, असा तो नियम. कंपनीला पाहता यावे म्हणून कॅमेराही चालू होता. (सावधपणा हा राजदीपचा गुण; निदान प्रबंधाच्या मार्गदर्शकांनी तसे लिहून दिले होते.)

माणूस म्हणून घरच्याच धुरपताआत्या मिळाल्या. घरात वाहन म्हणजे एक सायकल.

“समजा आत्या, अंगणात तुमची कार आहे,” परीक्षा सुरू होण्याआधी राजदीपने सांगितले.

“समजलं. पुढं?”

पडद्यावर प्रश्न उमटला : गाडीची जागा भिंतीपासून किती दूर? आत्या उठून अंगणात गेल्या. बाज सरकवली, हाताने अंतर मोजले आणि राजदीपच्या बायकोला हाक मारली.

“दीपमाले, थे मिरच्या तिकडं घे. गाडी येते न.”

दीपमालाने मिरच्या हलवल्या. रिकाम्या जागेवर दुपारचे ऊन हलकेच येऊन बसले आणि राजदीपला तिथे निळी कार दिसू लागली. चाकांना कापूस चिकटलेला, खिडकीशी आत्या, आणि अरुणावतीच्या पुलावरून ती आवाजही न करता निघालेली...

तो भानावर आला, तेव्हा नावाच्या चौकटीतले ‘नमुना ग्राहक’ हे शब्द आत्या पुसत होत्या. त्या नावाची मागणी परीक्षेपुरतीच राहत असे. दुसरे कोणतेही नाव थेट फिटरकडे जाई.

“खोटं नाव कायले देऊ? माणूस येईन अन् नमुनाबाई कुठं रायते म्हणीन.”

राजदीपने तोंड उघडले. बोलावे तर नोकरी जाते, न बोलावे तर चार्जर येतो. तोंड मिटले. आत्यांनी बटण दाबले.

“झालं. तुले ताप गिप आला का रे? बोलूनच नाही राह्यला.”

तिसऱ्या दिवशी यवतमाळहून फिटर भावसिंग चार्जरचे खोके घेऊन दारात उभा.

“गाडी?”

“समजून ठेवली हाये,” आत्यांनी मोकळी जागा दाखवली.

भावसिंगने त्या जागेकडे पाहिले. मिरच्या अजून तिथे परतल्या नव्हत्या. त्याने खोके पुन्हा मोटारसायकलला बांधले, पण ग्राहकाचा अभिप्राय घेतल्याशिवाय परतायचे नाही, हाही राजदीपचाच नियम. आत्यांनी पाचही तारे दिले आणि खाली सूचना लिहिली : ‘मागवणं सोपं हाये. पण जवळ बसवलेला पोरगा निस्ता पाहत रायते. त्याले कामाले लावा.’

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. नोकरी पक्की झाली होती. ग्राहकाची सूचनाही कंपनीने तातडीने मान्य केली होती.

दुसऱ्या दिवशी राळेगावच्या रस्त्यावर भावसिंगच्या मोटारसायकलमागे, मांडीवर तेच खोके घेऊन राजदीप बसला होता. भावसिंगने मान किंचित मागे वळवली.

“वायरीचं मी पाहतो, साहेब. तुमी निस्ते बसा. बोलू नका.”

या कामाचा मात्र राजदीपला पुरेसा अनुभव होता.